वितळलेली नानकटाई

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी माझ्या ओव्हनमधून नानकटाईऐवजी एक अखंड पोळी बाहेर आली. चोवीस गोळे नीट अंतर सोडून ठेवले होते. वीस मिनिटांनी बघते तर सगळे एकमेकांत मिसळलेले, कडा करपलेल्या, मध्ये ओलसर. शरणपूरच्या माझ्या मैत्रिणीकडून दर नाताळला करंज्या, चकल्या, केक असा भरलेला डबा येतो. यंदा त्याच डब्यातून मी नानकटाई पाठवणार, असं तिला आधीच सांगून बसले होते.

चूक तुपाची, म्हणजे माझीच. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी तूप दगड होतं. चमचा वाकला पण तूप हललं नाही. घाईत पातेली गॅसवर ठेवली, तूप वितळवलं आणि मैद्यात ओतलं. दिवाळीत हेच प्रमाण, हाच ओव्हन, आणि नानकटाई झकास झाली होती. तेव्हा तूप आपसूक मऊ होतं, एवढाच फरक.

लहानपणी दिवाळीआधी आम्ही मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचो. पाव निघाले आणि भट्टी जरा निवली की घरगुती ट्रे आत जायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. भट्टीवाले चाचा आधी परातीत तूप तळहाताने फेसत बसायचे, पांढरंशुभ्र होईपर्यंत. आम्हाला वाटायचं, उगाच वेळ काढतात. पण फेसताना तुपात बारीक हवा कोंडली जाते, त्यानेच नानकटाई हलकी होते. पातळ तुपात हवा टिकत नाही. गोळा आकार धरण्याआधीच वाहायला लागतो.

तेव्हा थंडीत करणार असाल तर तूप आदल्या रात्री मोजून, पसरट भांड्यात, स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. बोट दाबलं की खळगा पडावा, पण तूप वाहू नये. चुकून वितळलंच तर पुन्हा गोठू द्या. दीडशे ग्रॅम तुपात सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर घालून दहा मिनिटं फेसा. मग अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चमचे बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची आणि चिमूटभर मीठ. वाटीने मोजू नका. दाबून भरलेली वाटी आणि हलकी वाटी यांत बराच फरक पडतो. पीठ कणकेसारखं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा गेला.

तुपाऐवजी बटर घ्यावं का? त्यात पाणी असतं, तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. त्यामुळे वजनाला वजन बदलू नका. स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड मात्र बटरचंच: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. आपली नानकटाई त्याची लांबची बहीण म्हणायची. सुरतेच्या डच वखारीतल्या बेकरीतून ती जन्मली, अशी कथा सांगतात. पुढे मुंबईला पोचली आणि तिथून आपल्या डब्यांत आली.

ओव्हन 160 अंशांवर आधी दहा मिनिटं तापवा, मग अठरा ते वीस मिनिटं भाजा. पहिल्या घाण्यात फक्त दोनच गोळे ठेवून पाहा. पसरले तर उरलेलं पीठ पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. आणि बाहेर काढल्यावर मऊ लागली म्हणून परत आत ढकलू नका. गरम नानकटाई मऊच असते, गार झाल्यावर कडक होते. ट्रेवरच राहू द्या, हात आवरा.

मैत्रिणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून मी त्या पोळीचे तुकडे पुन्हा भाजले, चुरा केला आणि लाडू वळले. तिने विचारलं, “हे गं काय?” म्हटलं, “नानकटाईच आहे, वितळलेली.”