कॅन्सरसाठी चाललेली पावले आणि आपली वस्ती

चालण्याने पैसा कसा उभा राहतो? अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन दिवसांत ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची पदयात्रा निघते. चालणारी बाई आधी नातेवाईक, शेजारी, कामावरचे सोबती यांच्याकडे जाते. मी चालते, तुम्ही जमेल तेवढे द्या, असे सांगते. आपल्या भाषेत ही वर्गणीच.

यामागे एका बहिणीने दिलेला शब्द आहे. सुझन कोमेन १९८० साली स्तनाच्या कॅन्सरने गेली. वय अवघे ३६. तिची बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने १९८२ साली संस्था काढली. १९८३ साली डॅलस शहरात पहिली धाव झाली, तेव्हा ८०० जण आले. तीन दिवसांची पदयात्रा पुढे सुरू झाली. जमलेला पैसा संशोधनाला आणि रुग्णांच्या मदतीला जातो.

संशोधनाला इतका पैसा आणि वेळ का लागतो, हे मुंबईच्याच वस्त्यांतल्या एका अभ्यासावरून कळते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिलांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतल्या निम्म्या महिलांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष छापून आला: या तपासणीने आजार लवकर सापडतो. पन्नाशीपुढच्या महिलांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. महागडे यंत्र नव्हते, शिकवलेले हात होते.

म्हणून या खुणा ध्यानात ठेवा:

• स्तनात किंवा काखेत गाठ. ती बहुधा दुखत नाही, म्हणूनच अंगावर काढली जाते.
• कातडीला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.
• बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण ती कसली, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरते. अंगारा, लेप यांत महिने घालवू नका. तीस वर्षांपुढच्या महिलांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत कॅन्सरवर मोफत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड तयार ठेवा.

तरीही गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि घरी लेकरांना कोण पाहील, या तीन गोष्टींपायी बाई उपचार अर्धवट सोडते. इथे आपली वर्गणी कामाला येते. महिला मंडळाने महिन्याला घरटी दहा रुपये काढले, तरी शंभर घरांचे हजार होतात. त्यातून एका बहिणीच्या फेऱ्यांचे भाडे निघते. पैसे नसतील तर सोबत चला. ज्या बाईला तपासायला जायची भीती वाटते, तिच्यासोबत आरोग्य केंद्रापर्यंत चालत जाणे हीसुद्धा पदयात्राच आहे.