ग्रंथपरीक्षण कसें वाचावें

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या अंकांत नव्या पुस्तकांविषयीं जो मजकूर येतो, तो सगळा एकाच जातीचा नसतो. कांहीं ठिकाणीं नुसती ‘साभार पोंच’ असते. पुस्तकाचें नांव, लेखक, प्रकाशक व किंमत एवढेंच तींत दिलेलें असतें. कांहीं ठिकाणीं वेष्टनावरील स्तुतीच थोडीफार फिरवून छापलेली असते. खरें परीक्षण या दोहोंहून निराळें. कथाकादंबऱ्यांच्या परीक्षकास स्वतःच्या रुचीवर बरेंच अवलंबून राहतां येतें. परंतु इतिहास, चरित्र किंवा समाजविषयक विचार यांचें पुस्तक पुढें आलें, म्हणजे लेखकानें काय सांगितलें, तें कोणत्या आधारावर सांगितलें, आणि तो आधार पुरेसा आहे काय, हें त्यानें आधीं सांगितलें पाहिजे. भाषेचे गुणदोष त्यानंतर.

हा क्रम उलटल्याचीं उदाहरणें मराठींत आहेत. जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या लेखनाचा कडक समाचार घेतला. शास्त्रीबोवांची लेखणी समर्थ खरी. मराठी गद्यास त्यांनीं जें वळण लाविलें, त्याचें ऋण कोणी नाकारणार नाहीं. पण येथें त्यांचा बराचसा रोख व्याकरणावर व भाषेच्या अशुद्धतेवर राहिला. ‘गुलामगिरी’त अवतारकथांचा जो ऐतिहासिक अर्थ लाविला आहे, तो शांतपणें तपासणें हें परीक्षकाचें काम होतें. व्याकरणाची चूक दाखविणें सोपें, आणि वाचकालाहि आयतें हंसावयास मिळतें. म्हणून ही वाट आजहि पुष्कळांना आवडते!

याहून खेदकारक हकीकत ताराबाई शिंदे यांची. त्या बुलढाण्याच्या. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयानें विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा सांगितली. पुढें ती कमी करण्यांत आली. या प्रकरणावरून वर्तमानपत्रांत वाद माजला, आणि ‘पुणे वैभव’ पत्रानें सरसकट स्त्रीजातीवरच ठपका ठेविला. त्यास उत्तर म्हणून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. तें १८८२ सालीं पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथीं मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आढळतो, हें त्यांनीं त्यांत दाखविलें, आणि विधवेस पुनर्विवाहाची बंदी कां, असा रोखठोक प्रश्न विचारला. भाषा तिखट आहे, घरगुती आहे. पण प्रत्येक आरोपास उत्तर आहे.

या उत्तरास प्रत्युत्तर मिळावयास हवें होतें. तें न मिळतां पुस्तकाच्या वांट्यास अवहेलना आली. जोतीरावांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू उचलून धरली; परंतु त्या आधारानेंहि पुस्तक तरलें नाहीं. ताराबाईंनीं पुन्हां दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुनः छापलें, तेव्हां त्र्याण्णव वर्षें लोटलीं होतीं. पुढें १९९४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, व परदेशांतील विद्यापीठांतहि तें अभ्यासिलें जाऊं लागलें. ज्या लेखणीनें एवढें लिहिलें, तिनें आणखी काय लिहिलें असतें, हें मात्र आतां कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं सुटींत एवढें करून पाहावें. एखाद्या नव्या चरित्राचें किंवा इतिहासग्रंथाचें परीक्षण कापून वहींत चिकटवावें. पुस्तकांत काय आहे हें सांगणाऱ्या वाक्यांखालीं निळी रेघ ओढावी, लेखक कसा आहे हें सांगणाऱ्या वाक्यांखालीं तांबडी. तांबड्या रेघा अधिक झाल्या, तर पालकांस दाखवून तें पुस्तकच वाचनालयांतून आणवावें.