सातबारा, फेरफार आणि डॉक्युमेंटेशन

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी केदारखेड्याला घरी गेलो, तेव्हा सोबत लॅपटॉप होता आणि सीनियरकडून मिळालेली प्रोजेक्टची फाईल होती. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, जालना-भोकरदन रस्त्यावर. घरात रेंज येत नाही म्हणून मी गच्चीवर बसायचो. तापलेल्या पत्र्यावर कुठे किती तापमान आहे ते त्रिमितीत दाखवायचं, एवढाच प्रोजेक्ट. फाईलमध्ये सगळा कोड छापलेला होता. म्हटलं, दोन दिवसांत काम फत्ते!

पहिल्याच ओळीवर गाडी अडकली. 'एन्थॉट नावाचं मॉड्यूल सापडत नाही.' मला वाटलं इन्स्टॉल करताना आपलंच काही चुकलं. काढलं, परत टाकलं. पुन्हा तेच. दोन संध्याकाळी आणि महिन्याचा अर्धा डेटा यातच गेला.

खरं कारण साधं होतं. त्रिमितीत चित्र काढणाऱ्या त्या लायब्ररीचं नाव 'मायावी'. नाव आपलंच आहे, कारण ती सुरू करणारे प्रा. प्रभु रामचंद्रन हे पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागात शिकवतात. ही लायब्ररी एन्थॉट या अमेरिकन कंपनीच्या संचाचा भाग होती, म्हणून पूर्वी ती मागवताना 'एन्थॉट डॉट मायावी' असं लिहावं लागे. २०११ मध्ये संचाची चौथी आवृत्ती आली आणि पुढचं 'एन्थॉट' गळून पडलं. त्यानंतर नुसतं 'मायावी' म्हणायचं. जुना कोड एकदम बंद पडू नये म्हणून जुनं नाव चालवून घेणारं एक वेगळं पॅकेजही त्यांनी दिलं होतं. आमच्या फाईलवर साल होतं २०१०! म्हणजे लिहिली तेव्हा फाईल बरोबर होती. मधल्या बॅचेसनी ती चालवून पाहिली असेल असं वाटत नाही, नुसता रिपोर्ट छापला असावा. असो! जर्नल कसं 'पूर्ण' होतं ते होस्टेलवाल्यांना मी काय सांगायचं?

त्याच संध्याकाळी बाबा सातबाऱ्याचा उतारा घेऊन आले आणि चिडून बसले. पीककर्जासाठी उतारा काढला, तर शेत अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. वारसाचा अर्ज घरातल्या कोणी दिलाच नव्हता. काका म्हणत बाबांनी दिला, बाबा म्हणत काकांनी दिला. नांगरतो कोण, पेरतो कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण कागदाला ठाऊक नाही. कर्ज थांबलं.

मला एकदम वाटलं, माझंही दुखणं हेच आहे. कोड म्हणजे शेत, डॉक्युमेंटेशन म्हणजे सातबारा. शेतात काहीही बदललं तरी सातबारा आपोआप बदलत नाही. आधी फेरफाराची नोंद व्हावी लागते. ती कोणी करायची हे ठरलेलं नसेल, तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता थोडं तांत्रिक. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपण वापरायचा कोड. कोणतं फंक्शन काय घेतं नि काय देतं हे तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असतं. ओपन सोर्समध्ये जगभरातली माणसं कोडमध्ये बदल पाठवत असतात. कोड चुकला तर प्रोग्रॅम ओरडतो. डॉक्युमेंटेशन चुकलं तर कोणीच ओरडत नाही, एखादा पोरगा मुकाट्याने गच्चीवर बसून राहतो.

त्यातही नाव बदललं तर बरं, निदान एरर येते. माझी खरी फजिती पुढे झाली. फाईलमध्ये चार रीडिंग होती: २७, २८, २८ आणि ३०. सरासरी छापली होती २८. माझा प्रोग्रॅम म्हणे २८.२५. छापलेलं तेच खरं मानायची सवय, त्यामुळे पूर्ण एक दिवस मी स्वतःचाच कोड तपासत होतो! शेवटी कागदावर भागाकार केला : ११३ भागिले ४, २८.२५ च. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक कापला जाई. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत तेच चिन्ह पूर्ण उत्तर देतं. ओळ तीच, अर्थ वेगळा आणि एरर नाही. जुनं डॉक्युमेंटेशन सगळ्यात घातक ठरतं ते इथे.

यावर एक नामी उपाय पायथॉनमध्ये २००१ पासून आहे, टिम पीटर्स यांचा 'डॉकटेस्ट'. डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण लिहायचं आणि त्याखाली अपेक्षित उत्तर. डॉकटेस्ट ते उदाहरण खरोखर चालवून बघतो आणि उत्तर जुळलं नाही तर बोंब ठोकतो. म्हणजे सातबाराच शेतात जाऊन पीक बघून आला! अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. जून २०२४ मध्ये नमपाय या गणिताच्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली. त्यात एकट्या संख्येची छपाई बदलली, नुसतं ३.० यायचं तिथे पुढे 'एनपी डॉट फ्लोट६४' लागून येऊ लागलं. किंमत तीच, पण अक्षरं वेगळी. त्यामुळे कितीतरी प्रकल्पांचे डॉकटेस्ट धडाधड पडले. शिवाय तो उदाहरणं तपासतो, वाक्यं नाही. 'हे फंक्शन वेगवान आहे' हे दहा वर्षांनी खरं राहिलं का, ते माणसालाच बघावं लागतं.

मोठे प्रकल्प दुसरी एक गोष्ट करतात, ती मला जास्त आवडली. जुनी गोष्ट काढायची तर आधी सूचना द्यायची. नमपायमध्ये 'एनपी डॉट इंट' हे पायथॉनच्याच साध्या 'इंट'चं टोपणनाव होतं. जानेवारी २०२१ च्या १.२० आवृत्तीपासून ते वापरलं की इशारा येऊ लागला आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ते काढलं. फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीची नोटीस लागते, तसंच हे. डॉक्युमेंटेशनमध्येही 'अमुक आवृत्तीपासून बदल' अशी ओळ त्या फंक्शनखालीच लिहितात. (आमच्याकडे २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. गावात अजून तलाठीच म्हणतात. जुनं टोपणनाव चालू आहे, इशारासुद्धा नाही!)

पण हे सगळं कधी उपयोगी? ज्याने कोड बदलला त्यानेच, त्याच पॅचमध्ये, डॉक्युमेंटेशन बदललं तर. 'आधी कोड घेऊ, कागद नंतर बघू' म्हटलं की आमच्या काका-बाबांसारखं होतं. काय बदललं हे त्या दिवशी त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं आणि महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.

सुट्टीतच मी एका छोट्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधली एक जुनी ओळ दुरुस्त करून पाठवली. वाटलं, लगेच घेतील. उत्तर आलं, हेच उदाहरण आणखी दोन ठिकाणी आहे, तेही बदल. आधी राग आला. मग लक्षात आलं की तिन्ही जागी तेच लिहिलंय म्हणूनच ते तीनदा शिळं झालंय. मी उदाहरण एका जागी ठेवलं आणि बाकी दोन ठिकाणी 'तिकडे पाहा' असं केलं. तो पॅच लागला. एकूण बारा ओळी; पण मेसमध्ये मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

होस्टेलवर आल्यावर सीनियरची ती फाईल मी पुन्हा टाईप केली. पहिल्या पानावर पायथॉन, मायावी आणि नमपायच्या आवृत्त्या आणि कोड शेवटचा चालवून पाहिल्याची तारीख टाकली. सरासरी २८.२५ केली. तारखेखाली एक रकाना मोकळा ठेवलाय, पुढे जो चालवून बघेल त्याने स्वतःची तारीख घालावी. सेकंड इयरचा एक जण फाईल घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला, "दादा, पान नऊवरची ओळ चालत नाहीये." बघितलं, तर खरंच मी ती बदलायची विसरलो होतो.

बाबांनी वारसाचा अर्ज दिला. परवा फोनवर सांगत होते, फेरफाराचा नंबर पडलाय, हरकतीची मुदत चालू आहे.