सी८ वरचा उंट

फ्रेंच बचाव खेळायचा म्हणजे पहिल्याच चालीला एक दुखणं पदरात घ्यायचं. ई६ केलं की सी८ वरच्या उंटाची वाट आपल्याच प्याद्याने अडते. पांढऱ्याने पुढे ई५ ढकललं, की आपली डी५ आणि ई६ ही प्यादी पांढऱ्या घरांवर रुतून बसतात आणि उंटही नेमका पांढऱ्या घरांचाच.

या उंटाला ‘नंतर बघू’ म्हणणं मला एका स्थानिक स्पर्धेत चांगलंच भोवलं. ई४ ई६, डी४ डी५, ई५ सी५, सी३ घोडा सी६, घोडा एफ३ वजीर बी६, आणि मग पांढऱ्याचा उंट डी३ वर. सी५ आणि सी३ च्या प्याद्यांची डी४ वर मारामारी झाली, तेव्हा तिथलं प्यादं फुकट दिसत होतं. माझा घोडा आणि वजीर दोघे त्याच्यावर, राखणीला एकटा एफ३ चा घोडा. डी१ च्या वजिराची वाट त्याच्याच उंटाने अडवलेली. मी घोड्याने मारलं, त्याने घोड्याने घोडा घेतला, मी वजिराने परत मारलं. उंट बी५, शह! डी पट्टी मोकळी, माझा वजीर गेला. समोरचा शाळकरी मुलगा चाल करून शांतपणे पाणी प्यायला उठला.

प्यादं मारण्याआधी उंट डी७ वर हवा होता. एकच घर पुढे, पण बी५ चा शह तिथे निकामी होतो. त्यानंतरही पांढरा डी४ चा बळी देतो, मिल्नर-बॅरी गँबिट म्हणतात त्याला. वजिराने दुसऱ्यांदा मारून झालं की ए६ करून घोड्याचं बी५ घर बंद करा.

उंट बदलूनच टाकायचा असेल, तर घोडा बी८ वरच ठेवून, वजीर बी६ वर न नेता बी६ प्याद्याने खेळा आणि उंट ए६ वर आणा. पेट्रोस्यानला हा बेत आवडायचा. पांढऱ्याने तिथे उंट मारला, तर आपला घोडा काही काळ काठावर पडतो, तेवढं सोसा. मात्र एफ६ करून केंद्र फोडलं असेल, तर बदलायची घाई नको. ई६ चं प्यादं तेव्हा उघडं पडतं आणि त्याचा राखणदार हाच उंट असतो. त्याला डी७, ई८ मार्गे एच५ वर नेता येतं, वेळ लागतो.

इतका व्याप नको असेल, तर कारो-कान खेळा. उंट आधी एफ५ वर, ई६ नंतर. फक्त सी६ करून झालेलं असल्याने सी५ ला तिथे एक चाल जास्त मोजावी लागते.