हृदयविकारानंतरचा व्यायाम : स्नायूंतील प्रथिनांचे कार्य

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरून घरी निघालेल्या रुग्णाचे नातेवाईक आम्हांस हटकून विचारतात, "आता यांना किती दिवस अंथरुणावरून उठू द्यायचे नाही?" या प्रश्नामागे माया असते, परंतु आमचे उत्तर बहुधा अपेक्षेच्या उलट असते. त्यामागील शास्त्र समजावे, यासाठी हा लेख.

इजा कशी होते?

हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की त्या भागातील पेशींचा प्राणवायू तुटतो. अँजिओप्लास्टीने किंवा गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने ती उघडणे जीव वाचविण्यासाठी अनिवार्यच असते. मात्र रक्त परतताच पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, प्राणवायूची अतिशय क्रियाशील रूपे एकाएकी मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. ती पेशींचे आवरण आणि प्रथिने यांना इजा करतात. शरीराच्या संरक्षणशक्तीपेक्षा हा मारा वरचढ झाला, की त्या स्थितीस 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात.

स्नायूंचे संदेशवाहक

स्नायू केवळ हालचालीसाठी असतात, असा आपला समज असतो. कोपनहेगन येथील डॉ. बेन्ते पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की काम करणारा पायाचा स्नायू इंटरल्युकिन-६ हे प्रथिन रक्तात सोडतो. अशा प्रथिनांना पुढे 'मायोकाइन' हे नाव मिळाले. २०१२ साली अमेरिकेत डॉ. ब्रूस स्पिगलमन यांच्या गटाने 'आयरिसिन'चे वर्णन केले. ग्रीक पुराणांतील संदेशवाहक देवता आयरिस हिच्यावरून हे नाव पडले.

प्राण्यांवरील प्रयोगांत आयरिसिन दिल्यावर हृदयाची अशी इजा कमी झाल्याचे आढळले. मायटोकॉन्ड्रियातील सुपरऑक्साइड डिसम्युटेज-२ या संरक्षक विकराशी या परिणामाचा संबंध दिसून आला. तथापि उंदरात दिसले ते माणसात तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. माणसाच्या रक्तात आयरिसिन किती असते, यावरच बराच काळ वाद चालला. हृदयविकारावर आयरिसिनचे औषध आज प्रचारात नाही.

मग गोळी का नको?

'अँटिऑक्सिडंट' गोळ्या घेऊन हे काम भागेल, असे अनेकांना वाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या चाचणीत ९,००० हून अधिक व्यक्तींचा समावेश होता. ई जीवनसत्त्वाने त्यांचे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २००९ साली जर्मनीतील एका अभ्यासात तर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेमुळे व्यायामाचे काही लाभच रोखले गेले. कारण व्यायामात निर्माण होणारा थोडा ऑक्सिडेटिव्ह ताण हाच शरीराची संरक्षणव्यवस्था जागविणारा संकेत असतो. संकेतच पुसला, तर शरीर जागे कशाने व्हावे?

घरी काय करावे?

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. मग आजारातून उठलेल्याचे काय होत असेल? याउलट, देखरेखीखालील व्यायामाने हृदयरुग्णांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

म्हणून रुग्णाच्या आप्तांना आमची विनंती :

• डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच व्यायाम सुरू करावा.
• आरंभ सपाट जागी सावकाश चालण्याने करावा. वेळ हळूहळू वाढवावा.
• छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबावे. त्रास न थांबल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.
• औषधे चालू ठेवावीत. व्यायाम हा त्यांचा पर्याय नव्हे.

दात्यांसही एक नम्र निवेदन. नव्या यंत्राच्या तुलनेत व्यायामकक्ष आणि फिजिओथेरपिस्टचे वेतन या गोष्टी नजरेत भरत नाहीत. परंतु शस्त्रक्रियेने वाचविलेले हृदय पुढे टिकविण्याचे काम तेथेच चालते. रुग्णाला मायेने निजवून ठेवण्यापेक्षा त्याचा हात धरून त्याला अंगणापर्यंत नेणे, ही अधिक मोठी सेवा आहे, असे आम्ही मानतो.