उंची कमी आहे म्हणून लगेच इंजेक्शन?



वसतिगृहाच्या रांगेत एखादे मूल नेहमी सर्वांत पुढे उभे असते, कारण ते सर्वांत ठेंगणे असते. कुणीतरी म्हणते, "उंची वाढवायचे इंजेक्शन मिळते, आपण वर्गणी काढू." हेतू चांगलाच आहे. पण आधी तीन गोष्टी समजून घेऊ.

१. आधी कारण शोधावे

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. दर सहा महिन्यांनी मुलाला अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून उभे करावे आणि उंची वहीत लिहावी. वर्षभरात ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या पाड्यांवर वाढ खुंटण्यामागे अनेकदा कुपोषण, वारंवारचे जुलाब किंवा रक्तक्षय असतो. नंदुरबार, गडचिरोली भागात आढळणारा सिकलसेल आजारही वाढ मंदावतो. थायरॉईड कमी असेल तर रोजची साधी गोळी पुरते. उपाशी शरीराला हार्मोन नको, डाळ, अंडी, दूध हवे.

२. इंजेक्शन कोणासाठी?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे हार्मोन कमी पाझरत असेल, तर हे इंजेक्शन खरे उपयोगी. रक्ततपासण्या आणि हाडांचे वय सांगणारा डाव्या हाताचा एक्स-रे यांवरून तज्ज्ञ ते ठरवतात. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींना आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या काही मुलांनाही ते देतात. पूर्वी हे हार्मोन मृतदेहांच्या ग्रंथींतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार होतो असे दिसल्यावर १९८५ मध्ये अमेरिकेत ते बंद झाले, आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनला तेथे मान्यता मिळाली.

३. वर्षानुवर्षांची सोबत

हे इंजेक्शन सहसा रोज रात्री त्वचेखाली टोचतात, तेही हाडांची वाढ पूर्ण होत येईपर्यंत. मूल वाढते तसा डोस वाढतो, खर्चही वाढतो. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, ते गोठता कामा नये. दर काही महिन्यांनी तपासणी हवी. सतत डोके दुखले किंवा मूल लंगडू लागले तर लगेच दवाखाना गाठावा. पहिल्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, पुढे वेग कमी होतो. तेव्हा निराश होऊन उपचार सोडू नये. मध्येच थांबल्यास वाढ पुन्हा मंदावते, आणि हाडांची टोके एकदा जुळली की गेलेली संधी परत येत नाही.

फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीला लहानपणी हाच विकार होता. अर्जेंटिनात घरच्यांना खर्च पेलवेना. २००० साली, तेराव्या वर्षी तो स्पेनला गेला आणि बार्सिलोना क्लबने त्याच्या उपचारांचा भार उचलला. गुण औषधाचा होताच, पण ते अखंड मिळण्यासाठी कुणीतरी पाठीशी उभे राहावे लागले.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे. एका महिन्याची वर्गणी उत्साहाने जमते. पाच-सहा वर्षांची जबाबदारी मात्र ठरवूनच घ्यावी लागते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीच्या मुलांची उंची शेवटची कधी मोजली?
२. ठेंगण्या मुलाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो?
३. एखाद्या मुलाला हा उपचार लागलाच, तर शेवटपर्यंत सोबत कोण करील?