एका घराला दोन उष्णता पंप कशाला?

फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते ती आतली उष्णता बाहेर टाकल्यामुळे. उष्णता पंपाचे तत्त्व हेच. स्वीडन-नॉर्वेत कित्येक घरे यावर ऊबदार राहतात. फरशीखालच्या नळ्यांना ३५ अंशांचे पाणी पुरते. एक युनिट विजेत सुमारे तीन-चार युनिट उष्णता मिळते. अंघोळीच्या टाकीला मात्र ५५-६० अंश लागतात. भरली गाडी चढणीला लागली की बैल दमतात, तसेच पंपाचे. उष्णता दोन-अडीच युनिटांवर येते. म्हणून पाण्याला वेगळा छोटा पंप आम्हास पटतो. उन्हाळ्यात मोठा बंदच ठेवता येतो. पण छोटा राहत्या खोलीत नको. हिवाळ्यात मोठ्याने तापविलेलीच हवा तो ओढतो! आपल्याकडे खोल्या तापवाव्या लागत नाहीत. बंबाऐवजी छोटा तेवढा पाहावा, तोही मोकळ्या पडवीत बसवून.